मांडून ठेवलेला दिवाणखाना

शोरूममधली गिऱ्हाइकं पांगली की फर्निचरवाल्यांचा सेल्समन हिरव्या सोफ्यावर ऐटीत टेकायचा, किमतीचं लेबल पाठीमागे दडवायचा आणि तिला व्हिडिओ कॉल लावायचा. लग्न जुळवणाऱ्या ॲपवरची ओळख. "घर काय सुरेख ठेवलंय हो तुम्ही!" ती म्हणायची आणि याच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

एकदा ती म्हणाली, "फोनवर किती दिवस बोलायचं? घरीच येते की." आज पाहुणे आलेत, उद्या रंगकाम आहे, असं करत हा टाळत राहिला. शेवटी तिने फोन उचलणंच सोडलं.

काही महिन्यांनी ती शोरूममध्ये आली. सोबत होणारा नवरा. गळ्यात ओळखपत्र अडकवलेला हा नेमका समोर, पळायलाही जागा नाही. ती दोन पावलांवर येऊन थबकली आणि तिचा चेहराच उजळला.

"अगं बाई, हाच सोफा! एकांच्या घरी पाहिला होता, तेव्हापासून मनात भरलाय," ती नवऱ्याला म्हणाली.



मग याच्याकडे वळून तिने विचारलं, "दादा, घरपोच मिळेल ना?"