डाव्या डोळ्याची पापणी

"हलू नका. पुन्हा एकदा," म्हणत ओरोन्झोने बटण दाबलं आणि तो कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर वाकला. उन्हात काही धड दिसेना. त्याने काळा चष्मा खिशात कोंबला, टोपीची सावली धरली आणि फोटो मोठा करत करत इलेनियाच्या डोळ्यांपर्यंत पोचला. उजवी पापणी स्वच्छ, डावी जराशी पुसट.

"चांगला आलाय की," इलेनिया जवळ येऊन म्हणाली.

"चांगला? डावी पापणी बघ पोरी. फोकस कानातल्यावर गेलाय."

"मला तर काहीच फरक दिसत नाही. काका, नजर भारी आहे हं तुमची!"

ओरोन्झो सुखावला. दुकानाला कुलूप लावल्यापासून असं कुणी बोललंच नव्हतं. त्याच्याकडूनच फोटो हवेत म्हणून एके काळी लोक लग्नाच्या तारखा बदलत. आता तो दिवसभर दारात खुर्ची टाकून बसायचा आणि हात नुसते शिवशिवायचे. अशात कुणाच्या तरी ओळखीने इलेनियाचा निरोप आला. हा एक फोटो पसंत पडला, की अख्ख्या लग्नाचं काम त्याचं होतं.

"दुकान का बंद केलंत मग?" तिच्या होणाऱ्या नवऱ्याने, दामियानोने विचारलं.

"मोबाइलवाल्यांनी पोटावर पाय दिला. आणि तू आधी तो खाली ठेव बरं. मी स्क्रीनकडे वळलो रे वळलो की तुझ्या हातात मोबाइल! लग्न तुझं आहे की शेजाऱ्याचं?"

दामियानो ओशाळून हसला.

वरच्या रस्त्यावरून एक स्कूटर गेली. ओरोन्झोने दचकून मान वळवली. अनोळखी पोरं होती. गावापासून इतका लांबचा किनारा त्याने मुद्दाम निवडला होता, तरी जीव थाऱ्यावर नव्हता. निघताना हाताला धरून बसपर्यंत सोडायला आलेली बायको कानाशी पुटपुटत होती, "नको जाऊस रे. कुणी पाहिलं म्हणजे?"

"तुम्हाला पावती-बिवती नको ना?" त्याने चाचरत विचारलं.

"पावत्या मागत बसलो तर आपल्याकडे लग्नं लागायची कशी?" इलेनिया म्हणाली. "बरं, मागची ती होडी येऊ द्या फोटोत. काय लिहिलंय हो तिच्यावर?"

ओरोन्झोने समुद्राकडे ओझरतं पाहिलं. "'मरीनेल्ला'. रंग उडालाय, पण वाचता येतं."

त्याने श्वास रोखून फोटो घेतला, मोठा करून पाहिला आणि आनंदाने ओरडलाच, "या, बघा! एकेक पापणी मोजून घ्या!"

दोघंही वाकली.

"हाच," इलेनिया म्हणाली. "आता आणखी नकोत."

काम मिळालं! ओरोन्झोचा ऊर भरून आला. तेवढ्यात दामियानोने खिशातून एक ओळखपत्र काढून समोर धरलं. त्यावरची बारीक सरकारी अक्षरं ओरोन्झोने उभ्या जागेवरूनच वाचली.

"पावती देतो, साहेब," तो घाईघाईने म्हणाला. "आत्ता लिहितो. दंड असेल तोही भरतो."

"पावतीचं राहू द्या, काका," दामियानो म्हणाला. "ठार आंधळे म्हणून तुम्ही इतकी वर्षं पेन्शन घेताय, त्याचं बोला."