यादवरावांची मूठ

अमेरिकेतल्या लढाईमुळे वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, त्या साली अकोल्याच्या एका कापूसपेढीत यादवराव दिवसभर पत्रांच्या नकला करीत. अलीकडे लिहायला टाक धरला की त्यांची मूठ आवळून बसे. जेवताना मात्र हात ठणठणीत. डॉक्टर म्हणाला, पोलादी टाक बाधला. वैद्य म्हणाले, वात.

सुटीच्या दुपारी बायको, गोदावरी, तेल घेऊन बसली. "टाक धरून दाखवा बरं."

मूठ आवळली. ती उघडायला गोदावरीनं आत बोट घातलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

त्यांची चार वर्षांची चंपी उन्हाळ्यात पटकीनं गेली, तेव्हा यादवराव पेढीत लिहीत होते. "बाबाचा हात पायजे," एवढंच पोर म्हणत राहिली होती.

"काय झालं?" यादवरावांनी विचारलं.

आतून इवल्या, गरम बोटांनी गोदावरीचं बोट घट्ट धरलं होतं.

"आता तिले सोडू नका," ती म्हणाली.