सरांचीच अट

"कोण कशासाठी काय शोधतंय, कशाचाच पत्ता लागत नाही," असं म्हणून संशोधन केंद्राच्या प्रमुख सरांनी तिथल्या संगणक सांभाळणाऱ्या मुलीचं डोकं खाल्लं होतं. शेवटी तिने प्रोग्राम लिहिला. केंद्रात साठवलेल्या माहितीत कुणी काय शोधलं आणि काय सापडलं, याचं साध्या भाषेतलं वर्णन तो आपोआप तयार करायचा, अगदी जुन्या शोधांचंसुद्धा.

"आणि कारण लिहिल्याशिवाय वर्णन पुसता येता कामा नये. अगदी मलासुद्धा!" ही अट सरांचीच.

देणगीदार पाहुणे आले, तेव्हा सर हौसेने म्हणाले, "माझंच काढ ना. ते गाजलेलं, कॉफीवरच्या संशोधनाचं!"

तिने काढलं. भल्यामोठ्या पडद्यावर टपोऱ्या अक्षरांत आलं: "कॉफी पिणाऱ्यांची स्मरणशक्ती चांगली असते का, हे सगळ्यांमध्ये शोधलं. तसं दिसलं नाही. फक्त बायकांमध्ये शोधलं. दिसलं नाही. फक्त चष्मेवाल्यांमध्ये शोधलं. दिसलं नाही. शेवटी डावखुऱ्या, अविवाहित पुरुषांमध्ये शोधलं. असे तिघे निघाले. तिघांमध्येही दिसलं. शोध थांबवला."

एका पाहुण्या बाईंनी हातातला कॉफीचा कप हळूच खाली ठेवला.

सर घाईघाईने तिच्या कानाशी लागले, "पूस आधी ते!"

तिने मुकाट्याने बटण दाबलं. पडद्यावर तितक्याच टपोऱ्या अक्षरांत चौकट उघडली: "कारण लिहा."



"सर," कीबोर्डवर बोटं ठेवून तिने गरीब चेहऱ्याने विचारलं, "काय लिहू?"