ठिगळ्याचा निरोप

“डॉक्टरीणबाई, तो टेबलावर येणार नाही. तुम्हीच गाडीत या,” मावशी म्हणाल्या.

जनावरांच्या दवाखान्यासमोर नाटक कंपनीचा ट्रक उभा होता. मागचा फाळका खाली सोडलेला. आत, कपड्यांच्या पत्र्याच्या पेट्यांमध्ये, इस्त्रीच्या जुन्या घोंगडीवर कंपनीचा म्हातारा कुत्रा ठिगळ्या पडला होता. पांढऱ्या तोंडावर एका डोळ्याभोवती काळा डाग, म्हणून ठिगळ्या. कंपनीचे कपडे सांभाळणाऱ्या मावशींना दुसरं नाव सुचणार तरी कुठून? आता दोन्ही डोळे दुधाळ झाले होते, मागचे पाय गेले होते आणि कालपासून पाण्याचा घोटही पोटात ठरत नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी वाकून त्याचं पोट चाचपलं, हिरड्या पाहिल्या. “पुढच्या गावापर्यंत नेलंत तर वाटेत फार हाल होतील त्याचे. मी इंजेक्शन देते, शांत झोपेल. तुमची हरकत नसेल तर.”

“हरकत आहे. पण द्या.”

मॅनेजर घड्याळ बघत ट्रकच्या मागे आला. “मावशी, आटपा. संध्याकाळचा प्रयोग आहे, अजून दिवे बांधायचेत. याला बाईंकडे ठेवू, त्या करतील सगळं नीट. तुम्ही कशाला डोळ्यांनी बघताय?”

“परक्या खोलीत, परक्या हातात टाकून जाऊ? तुम्ही सगळे व्हा पुढे. मी येते मागून.”

“आणि कपडे?”

“कपडे इथेच राहतील, याच्याजवळ. राजाला आज पायजम्यातच सिंहासनावर बसव.”

“अहो, लोक तिकिटं काढून ताटकळतील!”

“ताटकळू देत की. हा जन्मभर थिएटरांच्या मागच्या दाराशी ताटकळलाय, कधी तक्रार केली नाही. आणि माझ्यावर आवाज चढवू नकोस. तू माकडाचं काम करायचास तेव्हा तुझी शेपटी मी शिवायचे.”

पुढे बसलेला ड्रायव्हर फिस्सकन हसला. त्याने इंजिन बंद केलं आणि किल्ली खिशात टाकली. मॅनेजर कपाळाला हात लावून थिएटरला फोन करायला बाजूला गेला.

डॉक्टरीणबाईंनी सुई भरली. औषधाचा वास लागला तसा ठिगळ्या थरथरायला लागला. शेपूट पोटाशी घेऊन त्याने दोन पेट्यांच्या सांदीत तोंड खुपसलं आणि बारीक आवाजात कण्हू लागला.

मावशींनी बाईंचा हात धरला. “थांबा. असा नाही. आयुष्यात कुणाच्या बापाला भ्याला नाही हा. असा तोंड लपवून नाही जाऊ द्यायची मी याला.” मग बाहेर तोंड करून ओरडल्या, “खलनायक कुठे आहे आपला? इकडे ये!”

खलनायकाचं काम करणारा नट रस्त्याच्या कडेला पाठ फिरवून उभा होता. माणूस इतका भिडस्त, की चहात साखर विसरली तरी तसाच प्यायचा. पण तिसऱ्या अंकात तो दार ढकलून आत येई आणि हसे, तेव्हा विंगेत बांधलेला ठिगळ्या असा गुरगुरे, की पुढच्या रांगेतल्या बायका मुलांना जवळ ओढून घेत. लोकांना वाटे, नाटकातलंच आहे. दर प्रयोगाला हेच. बिचाऱ्याने कितीदा बिस्किटं चारली, लाडीगोडी लावली. ठिगळ्या बिस्किटं खाई, हात चाटी. पण त्या हसण्याला माफी नव्हती.

“मावशी, मला नाही हो बघवत.”

“बघू नकोस. हस. तिसऱ्या अंकातलं.”

“इथे? भर रस्त्यात?”

“आवाज जपा हो!” फोन कानाला तसाच ठेवून मॅनेजर ओरडला. “संध्याकाळी घसा बसला तर?”

खलनायकाने चष्मा काढून खिशात ठेवला. “तुम्ही जरा गप्प बसा,” तो म्हणाला, आणि ट्रकवर चढला. असं तो मॅनेजरला आजवर कधी बोलला नव्हता.

त्याने तोंड उघडलं, पण हसण्याऐवजी हुंदकाच बाहेर आला.

“याला हसणं म्हणतोस?” मावशी कडाडल्या. “याने उंदीरसुद्धा बिळात जायचा नाही.”

त्याने बाहीने नाक पुसलं, छाती भरून घेतली आणि हसला. समोरच्या दुकानातली गिऱ्हाइकं दाराशी आली. एक सायकलवाला पाय टेकून उभा राहिला.

ठिगळ्याचा एक कान हलला. सांदीतून तोंड बाहेर आलं. मान डगमगत वर झाली, आवाजाच्या रोखाने वळली. ओठ मागे सरले आणि उरलेसुरले दात दिसले. मग गुरगुर आली; इतकी खोलातून, की शेजारच्या पेटीचा पत्रा थरथरला.

“अस्सा!” मावशी म्हणाल्या. त्यांनी त्याच्या गळ्यावर तळहात ठेवला. “द्या आता, बाई. आणि तू थांबू नकोस रे.”

सुई गेली. ठिगळ्याने तिकडे लक्षही दिलं नाही. मावशींच्या हाताखाली गुरगुर चालू होती, मग ती मंद झाली, मग फक्त हातालाच कळेल इतकी उरली, आणि मग तीही राहिली नाही.

खलनायक डोळे मिटून हसतच होता. त्याला थांब म्हणायला मॅनेजरही पुढे झाला नाही.