बाबांची गाडी

"सीट अजून पुढं घे," बाबा म्हणाले.

"अजून? गुडघे स्टिअरिंगला टेकतील तुमचे."

"नाही टेकायचे. घे पुढं."

थोरलीनं बोल्ट सैल केले, सीट पुढं सरकवली आणि पुन्हा आवळले. जुने शर्यतवाले स्टिअरिंगला छाती लावूनच बसायचे, असं तिनं कुठंतरी वाचलं होतं. शिवाय बापाशी वाद घालत बसलं तर गाडी जन्मात पुरी होणार नाही, हे ती एव्हाना शिकली होती.

गाडी जपानी होती. चौकोनी नाकाची, चार दारांची. तसलीच गाडी बाबांनी तरुणपणी हातानं बांधून क्लबच्या मोठ्या शर्यतीत उतरवली होती आणि ती पहिली आली होती. पुढं ती भंगारात गेली. घरात उरला एक कप, त्यावर कोरलेलं बाबांचं नाव, आणि वळणावर एका अंगाला कललेल्या गाडीचा लांबून काढलेला फोटो.

थोरलीचं स्वतःचं गॅरेज होतं. त्याच मॉडेलची एक साधी गाडी एका म्हाताऱ्या डॉक्टरांच्या दारात गंजत पडली होती. ती थोरलीनं ओढून आणली आणि ठरवलं, हिचीच ती करायची. मागची सीट काढून टाकली. मागचे मडगार्ड कापले आणि त्यांच्यावर रुंद पत्रे रिव्हेट मारून बसवले. आत लोखंडी पाइपांचा पिंजरा वेल्ड केला. आरसे दारांवर नव्हेत, पुढच्या मडगार्डांवर, थेट जपानी थाटात. गॅरेजमधले कारागीर गाडीला 'डबा' म्हणायचे. म्हणोत बापडे.

एवढा खटाटोप कशासाठी, तर तिला एक बाप परत हवा होता, जो तिनं कधी पाहिलाच नव्हता. तिनं पाहिलेले बाबा गोगलगायीच्या चालीनं गाडी हाकायचे. मागचे हॉर्न वाजवून थकायचे, सायकलवाले पुढं निघून जायचे. शाळेत मैत्रिणी हसल्या की ती ठणकावून सांगायची, "माझे बाबा शर्यत जिंकलेत!" कुणाचा विश्वास बसायचा नाही. हळूहळू तिचाही डळमळला. मग तिनं स्वतःची समजूत घातली, की एखादा अपघात थोडक्यात टळला असेल आणि भीती मनात घर करून बसली असेल. तीच गाडी समोर उभी केली, की आतला जुना माणूस बाहेर येईल.

इंजिनाचं काही विचारलं की बाबा खुलायचे. कार्ब्युरेटरचं जेट कुठलं, व्हॉल्व्हची फट किती ठेवायची, सगळं तोंडपाठ. बोलता बोलता बाह्या सारून स्वतःच हात काळे करायचे. पण चालवण्याचा विषय निघाला की त्यांना हटकून दुसरं काम आठवायचं. मग थोरली घरी फोन लावायची.

"आई, बाबांना विचार ना, खालच्या मोठ्या वळणात ते कितव्या गिअरला शिरायचे? गिअरबॉक्स बांधायला घेतलाय मी."

"थांब हं, विचारते." फोन बाजूला ठेवल्याचा आवाज यायचा आणि आई लगेच परत. "तिसऱ्या. आणि ब्रेक वळणाच्या आधीच सोडायचा, आत शिरल्यावर नाही. नाहीतर ती मागून घसरते, म्हणाले."

"एवढं सगळं म्हणाले?"

"तू समोर नसलीस की बोलतात."

याचंही थोरलीला वाईटच वाटायचं.

क्लबच्या वर्धापनदिनाला गाडी ट्रॅकवर आणायचं ठरलं. बाबा स्वतः तिच्यातून एक फेरी मारतील, असं थोरलीनं त्यांना न विचारताच क्लबला कळवून टाकलं. ते ऐकल्यापासून बाबांच्या ताटातलं अर्धं तसंच राहू लागलं. "तब्येत बरी नाही म्हणून कळवा की," आई पुन्हा पुन्हा म्हणायची. बाबा मान हलवायचे. ती मान हो म्हणते की नाही, ते कुणालाच कळायचं नाही.

त्या सकाळी ट्रॅकवर गर्दी लोटली होती. इंजिन पहिल्या चावीला लागलं. क्लबचे अध्यक्ष माइकवर रंगात आले होते.

"आमच्या काळी बायकांना या कठड्याच्या आत पाऊल टाकायची परवानगी नव्हती," ते म्हणाले. "आज आपल्या मुली शर्यतीत उतरतायत. काळ बदलला, मंडळी!"

टाळ्या पडल्या. मग त्यांनी बाबांचं नाव पुकारलं. टाळ्या आणखी वाढल्या.

बाबा गाडीपाशी गेले. त्यांनी ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं आणि तसेच उभे राहिले. आत बसेनात. टाळ्या विरत गेल्या. मागं कुणीतरी खुसखुसलं. थोरली धावत गेली.

"बाबा, नको असेल तर राहू द्या. मी तुम्हाला विचारायला हवं होतं. माझंच चुकलं."

"तुझं काही चुकलं नाही. गाडी अगदी हुबेहूब झालीय," बाबा म्हणाले. मग दार तसंच धरून त्यांनी कठड्याकडे पाहिलं आणि तिथं उभ्या असलेल्या आईला हाक मारली.

"अगं, ये ना. बस."

आईचा चेहरा लाल झाला. "अहो, भलतंच काय! सगळे बघतायत."

"बघू देत," बाबा म्हणाले. "तेव्हा हेल्मेट होतं, म्हणून तुला कुणी बघितलंच नाही."