ग्रंथालयातलं मांजर

एकोणीसशे एकोणसत्तर साल. ज्या ग्रंथालयात कुजबुजायलाही बंदी होती, त्याच्या मागच्या खोलीत ग्रंथपालबाई टेबलाच्या खणात दुपटं अंथरत होत्या.

"यात मावेल ना हो?" सासूने काळजीने विचारलं.

"ज्ञानकोशाचे पाच खंड मावायचे. हा तर एवढासा जीव."

बाईंनी जन्मात कधी नियम मोडला नव्हता. पण आदल्या दिवशी ही सासू-सुनेची जोडी काउंटरपुढे येऊन उभी राहिली. सुनेच्या खांद्यावर बाळ, सासूच्या खांद्यावर पुस्तकांची पिशवी. बी.ए.चं शेवटचं वर्ष, घर लांब, आणि बाळ बाटलीला तोंड लावत नाही. "आता सुटलं ते सुटलंच," सासू म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

सुनेच्या शिक्षणासाठी रडणारी सासू! बाईंना स्वतःची सासू आठवली. तिने बाईंच्या वह्यांवर चूल पेटवली होती.

"रडू नका, आजी," बाई म्हणाल्या. "नातू अगदी तुमच्यावर गेलाय हो."

सासू कानापर्यंत लाल झाली. सुनेला खोकल्याची उबळ आली. "हो ना," ती खोकतच म्हणाली, "सगळे तेच म्हणतात."

"अशी सासू मिळायला भाग्य लागतं, पोरी."

"आणि अशी सून मिळायला?" सून म्हणाली. सासूने तिला कोपराने ढोसलं.

अशी सोय लागली. मागच्या खोलीला व्हरांड्यातून वेगळं दार होतं, ग्रंथालयाच्या बाजूला पडदा. तासाची घंटा झाली की पडद्याआड दोघींची कुजबुज ऐकू यायची, मग चुटूचुटू आवाज, मग ढेकर. बाई काउंटरवरून उठत नसत. दुसऱ्याची अब्रू राखायची तर आपली नजर आपल्या कामात हवी, हा त्यांचा बाणा.

काळजी वाटायची ती सुनेची. कार्ड घेऊन यायची तीच. कार्डावर क्रमांक आणि आडनाव. अर्थशास्त्राचा जाडजूड ग्रंथ मागायची आणि हळूच म्हणायची, "एखादी रहस्यकथाही द्या ना, बाई. रक्तबिक्त असलेली."

"अगं, परीक्षा तोंडावर आलीये! ती सासू तुझी पिशवी वाहते, बोटं शाईने भरेपर्यंत तुझी टिपणं उतरवते, आणि तुला खून हवेत?"

"अभ्यासाचं सासूबाई बघतील," ती म्हणायची आणि जांभई द्यायची.

बाईंनी कपाळाला हात लावला. देव दात देतो तेव्हा चणे देत नाही, दुसरं काय!

मग एके दुपारी प्राचार्य पाहुण्यांना ग्रंथालय दाखवायला आले, आणि नेमका पडद्याआडून टाहो फुटला.

"हे काय?"

"मांजर आहे, साहेब," बाई म्हणाल्या. "उंदरांसाठी पाळलंय."

मांजर शिंकलं. मग त्याला कुणीतरी "अले अले, माझं शोनं" म्हणालं.

पाहुणे गेल्यावर बाईंना बोलावणं आलं. प्राचार्यांचा पारा चढला होता. "आधी ते पोट घेऊन वर्गात बसणं. तेव्हा मी गप्प राहिलो. आता मूल ग्रंथालयात! हजेरीही कमी आहे. मी परीक्षेला बसू देणार नाही, सांगा तुमच्या त्या विद्यार्थिनीला."

"साहेब, गेल्या वर्षी फुटबॉल खेळताना एकाने पाय मोडून घेतला. त्याची हजेरी तुम्ही माफ केलीत."

"तो कॉलेजसाठी खेळत होता."

"म्हणजे पाय मोडला तर टाळ्या, आणि मूल झालं तर घरी जा?"

"अहो, पण या वयात हे उद्योग! आणि वर पदवी हवी!"

"वयाचं काय घेऊन बसलात?" बाई कडाडल्या. "मुलं व्हायचं हेच तर वय!"

प्राचार्यांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला आणि बाईंकडे नव्याच नजरेने पाहिलं.

"आणि एक सांगा," बाई आता थांबणार नव्हत्या. "या कॉलेजात सायकलींना शेड आहे. पावसात भिजू नयेत म्हणून. मग लेकराला एक खोली जड झाली?"

प्राचार्यांनी खिडकीतून सायकलींच्या शेडकडे पाहिलं आणि म्हणाले, "हजेरी माफ करतो. खोली राहू द्या. परीक्षेत मूल रडलं तर उठून पाजता येईल, तेवढा वेळ वाढवून मिळेल. पण बाई, पुन्हा मांजर म्हणू नका. पाहुणे हसत होते."

परीक्षा पलीकडच्या इमारतीत झाली. बाई आपल्या काउंटरवर बसून नखं खात होत्या. पोरगी रहस्यकथांच्या जिवावर काय दिवे लावणार, देव जाणे! निकाल लागला तो पहिल्या वर्गाचा. बाईंना वाटलं, सासूचं पुण्य.

पुढे प्राचार्य निवृत्त झाले आणि 'खोलीची कल्पना माझीच' असं जिथेतिथे सांगत सुटले. खोलीत टेबलाच्या खणाऐवजी खरे पाळणे आले, आणि ते कधी रिकामे राहिले नाहीत. सून रहस्यकथा वाचता वाचता लिहायलाच लागली. तिचा खुनी शेवटच्या पानाआधी कुणाला सापडत नाही. बाळ वाढून त्याच कॉलेजात गणित शिकवू लागलं आणि ग्रंथालयात मोठ्याने बोलतं म्हणून दोनदा बाहेर काढलं गेलं. सासू-सून शेवटपर्यंत एका घरात गुण्यागोविंदाने नांदल्या.

पण हे सगळं नंतरचं. पदवीदानाच्या दिवशी बाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या, पर्समध्ये सुनेसाठी घेतलेलं पेन. माइकवर नाव पुकारलं गेलं. आडनाव कानावर पडताच त्यांनी टाळ्या सुरू केल्या आणि कौतुकाने मागे वळून पाहिलं. सून जागची हलली नव्हती. तिच्या शेजारी सासूबाई उठल्या, अंगावरचा काळा झगा नीट केला, आणि कडेवरचं बाळ तिच्या मांडीत देत म्हणाल्या,

"धर गं जरा तुझ्या दिराला."