अंड्यांचा धंदा
"मुलगा अंड्यांचं बघतो," असं मध्यस्थानं सांगताच मलकापूरचे दादासो खूश झाले. लेकीला, दीप्तीला पोल्ट्रीवाला मिळणार म्हणून २००६च्या मार्चात ते घाट उतरून कोकणात गेले. मुलानं त्यांना थेट किनाऱ्यावर नेलं. तिथं कुंपणाच्या आत वाळूवर टोपल्या पालथ्या घातलेल्या होत्या. "कोंबड्या कुठं हायत, पावणं?" "कोंबड्या नाहीत काका, समुद्री कासवं. त्यांची अंडी वाळूत आहेत. आम्ही गावकरी राखण करतो." "आन विकता कितीला?" "विकत नाही. पिल्लं निघाली की समुद्रात सोडतो." "म्हंजे सगळा धंदाच पाण्यात की!" दादासो परत निघणार, तेवढ्यात मुलानं एक टोपली उचलली. खाली पिल्लं वळवळत होती. वाळूवर सोडताच ती लुटुलुटु पाण्याकडे निघाली आणि वरून कावळे झेपावले. दादासोंनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि खांद्यावरचा टॉवेल गरागरा फिरवत ते धावत सुटले. "हाड्! चोच लावून तर बघा!" त्यांच्या आवाजानं कावळे पळाले आणि अर्धं गाव जमलं. शेवटचं पिल्लू लाटेत शिरेपर्यंत ते पाण्यात उभे होते. घरी येताच त्यांच्या बायकोनं, अंजनानं विचारलं, "मग, कसं वाटलं?" "लई गोड! एवढंएवढं हाय, पर पाणी दिसलं की थांबत न्हाय!" "अवो, मी पोराचं विचारतीया!" दादासोंनी जीभ चावली. "त्याच्याकडं बघायचंच ऱ्हायलं की. रविवारी दीप्तीला घिऊन जाऊ. ती पोरगा बघंल, मी कावळं बघतो."